पारवा, त्याच्या उवा आणि चोचीने केलेली निवड

घोडबंदर रस्त्यावरच्या एका सोसायटीत राहणाऱ्या आणि प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थिनीने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. संक्रांतीनंतर गच्चीवर मांजात पंख अडकलेला एक पारवा त्यांना सापडला. त्याला सोडवताना मनगटावर बारीक, लांबट, करड्या रंगाचे किडे चढले. महाविद्यालयात विचारल्यावर ‘या पिसांतल्या उवा आहेत, पक्षी आणि त्यांच्या उवा कोट्यवधी वर्षे एकमेकांना घडवत आले आहेत’ असे उत्तर मिळाले. याला प्रत्यक्ष पुरावा आहे की ही मागाहून जुळवलेली कथा आहे, उवांमुळे पक्ष्याचे नुकसान होत असेल तर इतक्या काळात पक्ष्यांनी त्यांचा नायनाट का केला नाही, आणि असा पक्षी हाती आल्यावर त्याच्यावर पावडर मारावी का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत जखमी पक्ष्यांवर उपचार करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे लोक मला सहसा तिसराच प्रश्न विचारतात. परंतु त्याचे नीट उत्तर पहिल्या प्रश्नातून निघते, म्हणून अधिक जागा पहिल्यालाच देतो. पुरावा आहे, आणि तो भक्कम आहे. मात्र तो दोन्ही बाजूंना सारखा नाही. पक्ष्याने उवेला कसे घडवले हे प्रयोगांनी दाखवता आले आहे. उवेने पक्ष्याला किती घडवले याविषयी बोलताना बरेच जपून बोलावे लागते. महाविद्यालयात मिळालेल्या उत्तरात ‘एकमेकांना’ हा शब्द जरा सहजपणे आला आहे, एवढाच माझा आक्षेप आहे.

आधी या किड्यांविषयी. पक्ष्यांवरील उवांच्या चार हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. माणसाच्या डोक्यातली ऊ रक्त शोषते. पक्ष्यांवरच्या उवांना मात्र चावण्याचे जबडे असतात. त्यांतल्या एका मोठ्या गटाचे अन्न प्रामुख्याने पिसांचा मऊ, लवदार भाग हेच असते, तर दुसऱ्या गटातल्या काही जाती कातडीवर वावरतात, कोवळी पिसे कुरतडतात आणि रक्तही घेतात. कोंबडीच्या अंगावरची सर्वांना त्रास देणारी पिवळसर ऊ या दुसऱ्या गटातली आहे. पिसांतल्या उवेचा सारा जन्म पक्ष्याच्या अंगावरच जातो. लिखा पिसांना चिकटवलेल्या असतात, त्यांतून निघालेले पिल्लू तीनदा कात टाकून साधारण तीन-चार आठवड्यांत प्रौढ होते, आणि पक्ष्याच्या उबेपासून दूर पडलेली ऊ थोड्याच दिवसांत मरते. तुमच्या मनगटावर चढलेल्या उवांना तुमच्याकडून काही मिळण्यासारखे नव्हते. हे सोयरसंबंध जुने आहेत, याचा एक थेट दाखला जर्मनीतील एकफेल्ड येथे मिळाला. तिथल्या सुमारे 4 कोटी 40 लाख वर्षांपूर्वीच्या गाळात एका उवेचा जीवाश्म सापडला असून तिच्या पोटात पिसांचे तुकडे ओळखता आले.

तुमच्या पारव्यावर बहुधा दोन वेगळ्या उवा असाव्यात आणि पुढचे जवळजवळ सगळे विवेचन या दोघींभोवती फिरते. पहिली कोलंबिकोला कोलंबी, म्हणजे तुम्ही पाहिलेली लांबट, काडीसारखी ऊ. तिची लांबी दोनेक मिलिमीटर भरते. दुसरी कॅम्पॅन्युलोटिस कॉम्पार, तिच्याहून बरीच लहान, बुटकी आणि गोलसर. ती छाती-पोटाच्या पिसांत राहते आणि पिसे फुंकरीने बाजूला केल्याशिवाय सहसा दिसत नाही. पुढच्या वेळी पारवा हाती आला तर त्याला फडक्यात गुंडाळून एकच पंख हलकेच उघडा आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून खालच्या बाजूने पाहा. लांब पिसाच्या मधल्या दांड्यापासून दोन्ही बाजूंना तिरपे तंतू निघालेले दिसतील. शेजारच्या दोन तंतूंमध्ये एक अरुंद खाच असते आणि त्या खाचेत, तंतूंना अगदी समांतर, एखादी गडद रेघ दिसेल. ती रेघ सरकली की ती ऊ आहे असे समजावे. पत्र्याच्या पन्हाळीत काडी आडवी न पडता लांबीने पडली तर वरून केरसुणी फिरवूनही ती निघत नाही, तसेच इथे होते: चोच पिसावरून फिरते आणि ऊ खाचेतच राहते. गंमत अशी की या उवेला पंखाचे टणक पीस खाता येत नाही. जेवायला तिला अंगावरच्या मऊ पिसांकडे यावे लागते आणि लपायला परत पंखात जावे लागते. बुटकी ऊ ही ये-जा करत नाही. चोच जवळ आली की ती पिसांच्या तळाशी असलेल्या लवेत शिरते.

एकाच पक्ष्यावर दोन जागा, लपण्याच्या दोन तऱ्हा आणि त्यांना साजेसे दोन देह. असे देह एकदाच घडले असते तर तो योगायोग म्हणता आला असता. परंतु उवांच्या डीएनएवरून वंशावळ मांडल्यावर असे दिसले की पंखात राहणारी लांबट, अंगावर राहणारी गोलसर, डोक्यावर राहणारी मोठ्या तिकोनी डोक्याची आणि सगळीकडे फिरणारी मध्यम बांध्याची, हे चार नमुने वेगवेगळ्या पक्षिगटांवरील उवांमध्ये स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा निर्माण झाले आहेत. म्हणजे कुठल्या तरी एकाच शक्तीने ठिकठिकाणी सारखाच दबाव टाकलेला असणार. ती शक्ती म्हणजे चोच.

पक्षी आपल्या जागेपणीचा बराच वेळ स्वतःची पिसे चोचीने साफ करण्यात घालवतात. अनेक जातींच्या नोंदी एकत्र केल्यावर सरासरी दिवसाच्या सुमारे 9 टक्के भरली. अमेरिकेतील युटा विद्यापीठात डेल क्लेटन, सारा बुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही साफसफाई बंद पाडण्याची एक साधी युक्ती वापरली. चोचीच्या दोन फाकांमध्ये इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचा एक छोटा तुकडा बसवला की चोच टोकाशी पूर्ण मिटत नाही, एक ते तीन मिलिमीटरची फट राहते. पारव्याला दाणे टिपता येतात, परंतु ऊ चिमटीत पकडता येत नाही. अशा पक्ष्यांवर उवांची संख्या भराभर वाढते. त्यांचाच दुसरा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. पारव्याच्या वरच्या चोचीचे टोक खालच्या चोचीपेक्षा किंचित पुढे येऊन खाली वळलेले असते. हे इवलेसे टोक घासून सपाट केल्यावर खाण्यात काही फरक पडला नाही, पण उवा वाढल्या. टोक पुन्हा वाढू दिले तेव्हा उवा कमी झाल्या. वेगवान चित्रणात असे दिसले की साफसफाई करताना खालची चोच त्या टोकावर पुढे घासली जाते आणि मध्ये सापडलेली ऊ चिरडते किंवा फाटते. चोचीचा आकार अन्नामुळे ठरतो असे आपण शाळेपासून शिकतो. ते खरे असले तरी पुरेसे नाही, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

माझ्या टेबलावर येणाऱ्या पक्ष्यांत याचा पडताळा नेहमी येतो. मांजाने पंख कापला गेलेल्या, पण चोच शाबूत असलेल्या पारव्यावर उवा बेताच्याच असतात. काचेवर आदळून ज्याच्या चोचीचे टोक मोडले आहे, किंवा देवीच्या आजाराने ज्याच्या चोचीच्या कडेला गाठी आल्या आहेत, त्याची पोटावरची पिसे बाजूला केली की बुटक्या उवा इकडेतिकडे पळताना दिसतात. अशा पक्ष्याच्या मालकाला किंवा बचाव कार्यकर्त्याला वाटते की उवांमुळे पक्षी आजारी पडला. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. कुक्कुटपालनातही हेच दिसते. अंड्यांवरच्या कोंबड्या एकमेकींना टोचू नयेत म्हणून त्यांच्या चोचीची टोके कापतात, आणि अशा कोंबड्यांवर उवा जास्त होतात. पाळीव पक्ष्याच्या चोचीचे टोक केवळ दिसायला टोकदार आहे म्हणून घासून घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

आता उत्क्रांतीकडे येऊ. चोच जर उवांमधून निवड करत असेल, तर ही निवड आपल्या डोळ्यांदेखत घडताना दिसायला हवी. उवेची पिढी महिन्याभराची असल्यामुळे ते शक्यही आहे. युटातील गटाने एकाच ठिकाणच्या पारव्यांवरील लांबट उवा घेतल्या आणि त्या पांढऱ्या, काळ्या व करड्या रंगांच्या पारव्यांवर सोडून चार वर्षे, म्हणजे उवांच्या सुमारे 60 पिढ्या, वाढवल्या. पांढऱ्या पारव्यांवरच्या उवा उजळ होत गेल्या, काळ्यांवरच्या गडद होत गेल्या. ज्या पक्ष्यांच्या चोचीत तो तुकडा बसवला होता त्यांच्यावरच्या उवांच्या रंगात मात्र असा बदल झाला नाही. निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाले आणि माझ्या मते या विषयातला हा सर्वांत निर्णायक पुरावा आहे. कारण त्यात निवड करणारा घटक काढून घेतल्याबरोबर बदलही थांबतो. शिवाय 60 पिढ्यांत पडलेले अंतर हे वेगवेगळ्या रंगांच्या कबुतरांवर लाखो वर्षे वेगळ्या राहिलेल्या सख्ख्या जातींमधील अंतराच्या तोडीचे होते.

या प्रयोगाआधी निसर्गातली तुलना झालेलीच होती. ऑस्ट्रेलियातील पांढऱ्या काकाकुव्यावरची ऊ फिकट असते आणि तिथल्याच काळ्या काकाकुव्यावरची तिची नातलग गडद असते. परंतु डोक्यावर राहणाऱ्या उवांमध्ये हा नियम लागू पडत नाही, आणि त्याचे कारण उघड आहे: पक्ष्याला स्वतःच्या डोक्यावर चोच नेता येत नाही. डोके पायाने खाजवावे लागते, आणि पाय रंग पाहून खाजवत नाही. पारव्यांची जोडी एकमेकांच्या मानेची पिसे चोचीने साफ करताना तुम्ही खिडकीच्या कठड्यावर पाहिली असेल. आपण त्याला प्रेम म्हणतो, आणि असेलही, परंतु जे पारवे हे अधिक करतात त्यांच्यावर परजीवी कमी आढळतात, असे मोजून पाहिलेले आहे. बगळे, रातवे आणि गव्हाणी घुबड यांच्या मधल्या बोटाच्या नखाला तर फणीसारखे दाते असतात.

आकारमानाचीही अशीच गोष्ट आहे. मोठ्या जातीच्या पक्ष्यावर मोठी ऊ, लहानावर लहान, हे निरीक्षण लॉन्सलॉट हॅरिसन यांनी 1915 साली मांडले. पंखातल्या उवांच्या बाबतीत त्यामागचे कारण खाचेची रुंदी हे आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पारव्याच्या उवा वेगवेगळ्या आकारांच्या कबुतरांवर आणि होल्यांवर सोडल्या. लहान होल्यावर त्यांना धरून राहता आले, खाताही आले, पण होल्याने त्यांना चोचीने वेचून संपवले. त्याच्या चोचीत तुकडा बसवला तेव्हा त्याच उवा टिकल्या. म्हणजे परक्या पक्ष्यावर जगणे या उवेला अशक्य नाही, तिथे लपणे अशक्य आहे. पुढे पारव्याच्या उवा जायंट रंट या थोराड पाळीव कबुतरावर चार वर्षे वाढवल्या तेव्हा त्या आकाराने मोठ्या झाल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, समागमाच्या वेळी नराला मादी आपल्या शृंगिकांनी (डोक्यावरच्या मिशांसारख्या अवयवांनी) पकडावी लागत असल्यामुळे, मोठ्या आणि लहान उवांची जोडी नीट जुळेनाशी झाली आणि अंडी कमी पडली. नवी जाती फुटण्याची पहिली पायरी प्रयोगशाळेत, एकाच मूळ समूहातून, एवढ्या थोड्या काळात दिसणे ही साधी गोष्ट नाही.

यावरून असे वाटेल की पक्ष्याच्या जाती जशा फुटत गेल्या तशा त्यांच्या उवांच्याही फुटत गेल्या असणार आणि दोन्ही वंशावळी एकमेकींवर तंतोतंत बसत असणार. विसाव्या शतकाच्या आरंभी हेच गृहीत धरले जात असे, आणि उवांवरून पक्ष्यांची नाती लावण्याचे प्रयत्नही झाले. पारव्याच्या दोन उवाच हे गृहीतक मोडतात. कबुतरकुळातील वेगवेगळ्या जातींवरच्या बुटक्या उवांची वंशावळ यजमानांच्या, म्हणजे त्या ज्यांच्यावर राहतात त्या पक्ष्यांच्या, वंशावळीशी बरीच जुळते. लांबट उवांची त्या मानाने कमी जुळते. दोघी एकाच पक्ष्यावर राहतात, एकच अन्न खातात, एकाच चोचीला चुकवतात, मग हा फरक का?

कारण एक माशी आहे. पारवे हाताळणाऱ्या प्रत्येकाने ती पाहिलेली असते: चपटी, चिवट कातडीची, पिसांतून खेकड्यासारखी तिरपी पळणारी, आणि पक्षी उचलला की शर्टाच्या कॉलरमध्ये शिरणारी. ही स्यूडोलिंकिया कॅनॅरिएन्सिस पारव्याचे रक्त पिते आणि एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर उडत जाते. लांबट ऊ तिच्या पायांना धरून तिच्याबरोबर प्रवास करते; बुटक्या उवेला तशी पकड जमत नाही, म्हणून ती आईबापांकडून पिल्लांकडे किंवा जोडीदाराकडे अंगाला अंग लागूनच जाते. माशी काही प्रत्येक वेळी त्याच जातीच्या पक्ष्यावर उतरेल असे नाही, त्यामुळे लांबट उवेला परक्या कबुतरावर पोचण्याची संधी अधूनमधून मिळत राहते. पोचल्यावर टिकायचे की नाही, ते खाचेची रुंदी आणि चोच ठरवते. जुळलेल्या वंशावळी पाहून घाईने ‘दोघे एकत्र उत्क्रांत झाले’ म्हणण्यापूर्वी पोचण्याची संधी आणि टिकण्याची क्षमता या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

आपल्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, उदाहरण इथे मुद्दाम घेतो. ठाणे खाडीला 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 साली रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला, आणि ऐरोलीहून होडीने जाणारे लोक हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत या पक्ष्यांचे थवे पाहतात. परंतु त्यांच्या उवांवरून शास्त्रज्ञांत किती काळ वाद चालला, हे थोड्यांनाच माहीत असते. रोहिताच्या अंगावर आढळणाऱ्या उवांचे काही वंश (जवळच्या जातींचे गट) बदकांवरही आढळतात. त्यामुळे रोहित हा बदकांचा जवळचा नातलग असावा असे उवांचे अभ्यासक म्हणत, तर शरीररचना पाहणाऱ्यांपैकी अनेक जण त्याला करकोच्यांच्या जवळ नेत. डीएनएच्या अभ्यासाने 2001 च्या सुमारास तिसरेच उत्तर दिले: रोहिताचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे टिबुकली या पाण्यात बुड्या मारणाऱ्या पक्ष्याचे कूळ. मग अनेकांना वाटले की उवांनी सपशेल दिशाभूल केली. प्रत्यक्षात केव्हिन जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी 2006 साली उवांचाच डीएनए तपासला तेव्हा असे आढळले की रोहित व बदकांवर राहणाऱ्या अनॅटिकोला या वंशाची सख्खी बहीण म्हणजे टिबुकल्यांवरचा ॲक्वानर्मस हा वंश. रोहित आणि टिबुकली यांच्या समान पूर्वजावर या उवांचा पूर्वज राहत होता; पुढे पक्षी वेगळे झाले तसे उवांचेही दोन वंश झाले, आणि त्यानंतर केव्हातरी रोहितावरची ऊ बदकांवर गेली व तिथे पसरली. उथळ पाण्यात रोहित आणि बदके एकमेकांजवळ चरतात, तेव्हा अशी संधी मिळणे अवघड नाही. म्हणजे जुने नाते उवांनी जपून ठेवले होतेच, नवा शेजारही नोंदवून ठेवला होता. वाचणाऱ्यांनी शेजाराला नाते समजून घेतले.

असाच एक विचारप्रवर्तक अपवाद कोकिळाकुळाचा आहे. आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, हे सर्वांना ठाऊक आहे. मग तिच्या पिल्लाला खऱ्या आईच्या उवा मिळणार कशा, आणि पालक पक्ष्याच्या उवा त्याच्यावर का बसत नाहीत? याचा अभ्यास जपानमध्ये कुकू या तिच्या नातलगावर झाला आहे. घरटे सोडणारी कुकूची पिल्ले उवांपासून मुक्त होती, आणि कुकूच्या खास उवा त्यांना पुढे इतर कुकूंच्या संपर्कातून, विशेषतः समागमाच्या वेळी, मिळतात असा निष्कर्ष निघाला.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता थोडक्यात देता येईल. नुकसान होते. पोटावरची लव खाल्ली गेल्याने ऊब टिकत नाही आणि ती भरून काढायला पक्ष्याला अधिक ऊर्जा जाळावी लागते. उवांनी भरलेल्या नरांपेक्षा स्वच्छ नर पारव्याच्या मादीला अधिक पसंत पडतात, हेही प्रयोगात दिसले आहे. परंतु हे नुकसान उवा खूप वाढल्यावर होते, आणि चोच त्यांना सहसा तेवढे वाढू देत नाही. शेवटची ऊ वेचून काढण्यासाठी पक्ष्याला खाणे आणि शिकाऱ्यावर नजर ठेवणे सोडून आणखी किती तरी वेळ द्यावा लागेल, आणि त्यातून मिळणारा फायदा जवळजवळ शून्य असेल. उवेच्या बाजूने पाहिले तर तिचा वंश बराचसा यजमानाच्या पिल्लांवरून पुढे जातो, त्यामुळे पिल्ले वाढवूच न शकणारा यजमान तिच्याही कामाचा नाही. याला कोणी समजूतदारपणा म्हणू नये. फार नासधूस करणाऱ्या उवांचा वंश पुढे गेला नाही, इतकेच. दरवर्षी पिसे झडल्याने उवा जातात अशी एक समजूत आहे. पारव्यांवर मोजणी केल्यावर ती खरी ठरली नाही, कारण उवा नव्या कोंबाच्या आवरणात शिरून बसतात. हवेतील दमटपणाचा परिणाम मात्र निश्चित होतो. या उवा पाणी पीत नाहीत, हवेतील बाष्प शोषून घेतात, म्हणून कोरड्या प्रदेशातल्या पक्ष्यांवर त्या कमी असतात, आणि प्रयोगशाळेत तर आर्द्रता 25 टक्क्यांखाली आठवडेच्या आठवडे ठेवून औषधाविना पारवे उवामुक्त करतात. ठाण्याच्या पावसाळ्यात येणाऱ्या पारव्यांवर मला उवा अधिक दिसतात खऱ्या, परंतु त्या दिवसांत माझ्याकडे येणारे पक्षी मुळातच भिजलेले आणि अशक्त असतात, म्हणून या निरीक्षणावर मी फारशी भिस्त ठेवत नाही.

पक्ष्याच्या बाजूचा पुरावा तुलनेने कमकुवत आहे, असे मी सुरुवातीला म्हणालो ते आता स्पष्ट करतो. चोचीचे वळलेले टोक उवा मारायला उपयोगी आहे, हे सिद्ध झाले आहे. हे टोक फार लांब असेल तर मोडते आणि आखूड असेल तर निरुपयोगी ठरते, त्यामुळे मध्यम लांबी टिकून राहावी असा दबाव असणार, हेही पटण्यासारखे आहे. परंतु उवा बदलल्या म्हणून चोच बदलली, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रयोग पारव्यावर करणे महिन्याला पिढी देणाऱ्या उवेइतके सोपे नाही. काटेकोर अर्थाने सहउत्क्रांती म्हणायची तर दोन्ही बाजूंचा बदल दाखवावा लागतो. परीक्षेत लिहिताना हा फरक नोंदवलात तर उत्तराचे वजन वाढेल.

आता पावडर. चोच शाबूत असलेल्या, खाणाऱ्या, केवळ पंखाला जखम झालेल्या पारव्यावर मी उवांसाठी काहीही मारत नाही. तो सावरला की दोनचार दिवसांत स्वतःच साफसफाई सुरू करतो आणि तेच त्याच्या बरे होण्याचे चांगले लक्षण असते. चोच मोडलेली असेल, मानेला लकवा असेल किंवा पक्षी इतका क्षीण असेल की पिसांकडे वळतच नाही, तर औषध द्यावे लागते, पण ते पक्ष्यांच्या डॉक्टरांनी वजन पाहून ठरवावे. कुत्र्या-मांजरांसाठी मिळणारी पावडर घरच्या घरी मारू नका, आणि उघड्या जखमेजवळ तर मुळीच नको. कपड्यात शिरणाऱ्या माश्या मात्र मी दिसतील तेव्हा काढतो, कारण त्या पारव्यांमध्ये रक्तातला एक परजीवी पसरवतात. घरातल्या माणसांना या उवांचा धोका नाही. सोसायटीत खरी काळजी करायची तर ती वाळलेल्या विष्ठेच्या धुळीची आणि सोडून दिलेल्या घरट्यातून घरात येणाऱ्या बारीक माइट्सची करावी.

सरसकट औषध मारण्याविरुद्ध आणखी एक कारण आहे. 1980 च्या दशकात कॅलिफोर्निया काँडोर या गिधाडाचे उरलेसुरले पक्षी पैदाशीसाठी पकडले, तेव्हा त्यांच्यावरच्या उवा औषधाने मारल्या गेल्या. पक्षी वाचला, त्याच्यावरच राहणारी कोल्पोसेफॅलम कॅलिफोर्निकी ही ऊ मात्र पुन्हा कुणाला दिसली नाही. याउलट 1914 साली नामशेष झालेल्या पॅसेंजर पिजन या अमेरिकी कबुतराबरोबर त्याच्यावरची कोलंबिकोला वंशातली ऊही संपली असे मानले जात होते, ती 1999 साली बँड-टेल्ड पिजन या दुसऱ्या अमेरिकी कबुतरावर सापडली. त्याच पॅसेंजर पिजनवरची म्हणून नोंदलेली दुसरी ऊ तर बहुधा चुकीच्या पक्ष्याच्या नावाने नोंदली गेलेली ऑस्ट्रेलियातील कबुतराची ऊ होती.

यामुळे, तुम्हाला महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी उवा जमवायच्या असतील तर काळजी नेमकी इथे घ्या. जिवंत पक्ष्याला पांढऱ्या कागदावर धरून पिसे हलकेच विंचरा, पडलेल्या उवा ओल्या बारीक कुंचल्याने उचला आणि 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, म्हणजे पुढे डीएनए तपासता येईल. कुपीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका, तीत पक्ष्याची जात, ठिकाण, तारीख आणि शरीराचा भाग लिहा. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये पसरते. दोन वेगळ्या जातींचे पक्षी एकाच खोक्यात, पिशवीत किंवा टॉवेलात लागोपाठ ठेवू नका, आणि प्रत्येक पक्ष्यानंतर कागद बदला, नाहीतर पारव्याची ऊ घारीच्या नावावर जाईल. कोणताही जखमी वन्य पक्षी हाती आला तर आधी वन विभागाला किंवा त्यांच्याशी संलग्न बचाव केंद्राला कळवा आणि नमुने त्यांच्या परवानगीनेच घ्या.